पात्याला काय दिसतंय ते आधी बघा

एका वाचकाचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

"वडिलांनी गेल्या महिन्यात त्यांचा घडीचा चाकू माझ्या हातात ठेवला. लाकडी मूठ, दोन पाती, एक मोठं आणि एक लहान. ४० वर्षं तो त्यांच्या खिशात होता. आता हात थरथरतात, म्हणून वापरत नाहीत. त्याचे नीट फोटो काढून भावंडांना पाठवावेत आणि पुढे मुलीसाठी ठेवावेत, असं मनात आहे. फोनवर खूप प्रयत्न केले. पातं एक तर पांढरंफटक येतं, नाही तर काळंकुट्ट. कधी त्यात माझा फोनच दिसतो. मूठ बरी आली की पातं बिघडतं. मोठ्या पात्याच्या बुडाशी काहीतरी कोरलेलं आहे, ते डोळ्यांना अंधुक दिसतं, फोटोत मुळीच येत नाही. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?"

कॅमेरा घेऊ नका, निदान या कामासाठी तरी. कितीही महागडा कॅमेरा आणलात तरी पातं असंच पांढरं किंवा काळं येईल, कारण गडबड फोनमध्ये नाही, पात्याच्या समोर आहे.

गुळगुळीत पोलाद म्हणजे जवळजवळ आरसाच. समोर जे असेल ते तो दाखवतो. लाकडाचं तसं नाही. लाकडावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून मूठ कुठूनही बघा, साधारण सारखीच दिसते. पातं मात्र उजेड एकाच वाटेने परतवतं: ज्या कोनात आला, त्याच कोनात पलीकडे. त्या वाटेच्या एका टोकाला तुमचा फोन आणि दुसऱ्या टोकाला खिडकी असेल, तर पातं पांढरंफटक. दुसऱ्या टोकाला खोलीचा अंधारा कोपरा असेल, तर काळंकुट्ट. फोन चाकूच्या बरोबर वर धरलात, तर दोन्ही टोकांना फोनच येतो, म्हणून तो दिसतो. तुमची तिन्ही गाऱ्हाणी एकाच कारणाची आहेत.

म्हणून फोन हातात घेण्याआधी एक करून बघा. चाकू उघडून टेबलावर आडवा ठेवा. एक डोळा मिटा आणि दुसरा डोळा फोन जिथे धरणार तिथे न्या. आता चाकूकडे बघू नका, चाकूच्या आत बघा. पात्यात काय दिसतंय? छत? पंखा? तुमचा शर्ट? मग एक पांढरा कागद घेऊन पात्याभोवती हळूहळू फिरवा. एका ठिकाणी कागद आला की पातं अचानक उजळेल, जणू कोणी दिवा लावला. ती जागा सापडली की अर्ध्याहून जास्त काम झालं. ही पाच मिनिटं टाळून फोनच्या सेटिंगशी झटापट करणारे लोक मी खूप पाहिलेत, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय त्यांच्या हाताशी पडलेला असतो.

मांडणी साधी ठेवा. खिडकीपाशी टेबल, खिडकी तुमच्या डाव्या हाताला, थेट ऊन नको. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा किंवा काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवा. सूर्य प्रचंड मोठा असला तरी इतका लांब आहे की आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. इतक्या लहान ठिपक्यातून येणारा उजेड पात्यावर एक जळजळीत चांदणी उमटवतो आणि बाकीचं पातं अंधारात राहतं. पडदा लावला की चाकूच्या दृष्टीने उजेडाचा उगम अख्ख्या खिडकीएवढा होतो. म्हणूनच चाकू खिडकीच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. खोलीतले दिवे मात्र बंद करा. दिवसाचा उजेड निळसर आणि पिवळ्या बल्बचा नारिंगी असतो. दोन्ही एकत्र आले की पात्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी दिसते, आणि ते नंतर नीट सुधारत नाही.

आता तुम्ही चाकूच्या समोर, फोन साधारण ४५ अंशांत खाली झुकलेला. पात्याच्या पलीकडे, तुमच्या बरोबर समोर, एक पांढरा पुठ्ठा उभा करा, किंचित पुढे कललेला आणि थोडा खिडकीकडे वळवलेला. खिडकीचा उजेड पुठ्ठ्यावर पडेल आणि पात्यात पुठ्ठाच दिसेल. पांढरंफटकही नाही, काळंही नाही, मऊ रुपेरी. खिडकी स्वतः जितकी झगझगीत असते तितका पुठ्ठा नसतो, त्यामुळे मूठ आणि पातं यांच्यातली तफावतही कमी होते. मूठ बरी आली की पातं बिघडतं, असं तुम्ही लिहिलंत ना, ते इथे सुटतं.

इथेच थांबलात तरी फोटो पुष्कळ सुधारेल, पण मला इथे थोडं रेंगाळायचंय, कारण पुढची गोष्ट फार सुंदर आहे. सगळं पातं एकसारखं पांढरं आलं तर ते कागदाच्या कापलेल्या पट्टीसारखं दिसतं. पोलाद पोलाद वाटायला उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत जावा लागतो. त्यासाठी पुठ्ठ्याला किंचित बाक द्या, किंवा त्याची एक बाजू खिडकीपासून दूर वळवा. पुठ्ठ्यावर जी उतरती छटा पडेल, तीच पात्यात उतरेल. शिवाय पातं म्हणजे एकच सपाट आरसा नसतो. पाठीजवळची सपाट पट्टी, तिथून धारेकडे गेलेला उतार आणि अगदी कडेला दगडावर घासून काढलेली बारीक धार, असे हे तीन आरसे तीन वेगळ्या दिशांना बघत असतात. पुठ्ठ्याच्या शेजारी काळ्या कागदाची एक पट्टी उभी करून ती मिलिमीटर मिलिमीटर सरकवा. एका क्षणी उतार रुपेरी राहील आणि धारेची रेघ काळी होऊन उठून दिसेल, किंवा याच्या उलट. तुमच्या वडिलांनी ४० वर्षं जी धार काढली, ती त्या रेघेत दिसते.

पातं जागेवर आणायला मुठीखाली मळलेल्या मातीची किंवा मुलांच्या खेळातल्या क्लेची वाटाण्याएवढी गोळी ठेवा. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. हलक्या हाताने दाबत कोन बदला. आरसा ५ अंश कलला की त्यातलं प्रतिबिंब १० अंश सरकतं, म्हणून चाकू जरासा हलला तरी पातं पांढऱ्याचं काळं होतं. त्यामुळे घाई नको. पुठ्ठा, गोळी आणि फोन यांतलं एका वेळी एकच हलवा.

बरोबर वरून काढलेला फोटो हवा असेल, माप दाखवायला तो लागतोच, तर फोन पात्यात दिसणार. त्यावर दोन उपाय आहेत. गोळीने पातं दोन-तीन अंश कलतं करा म्हणजे फोनचं प्रतिबिंब बाजूला सरकेल. किंवा मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला मधोमध लेन्सपुरतं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा. पात्याला मग पुठ्ठाच दिसतो. भोकाचा एक लहानसा काळा ठिपका उरतो, तो मुठीवर येईल असं बघा, लाकडावर तो कळत नाही.

तुमचं पातं चकचकीत नसून त्यावर बारीक समांतर रेघा असतील तर उजेड त्या रेघांच्या आडव्या दिशेला पसरतो. अशा वेळी पुठ्ठा न हलवता चाकूच टेबलावर सपाट फिरवून बघा. एका दिशेला पातं मंद राहील, दुसऱ्या दिशेला त्यावर उजेडाची लांब पट्टी धावेल. कुठली आवडते ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला मंद जास्त आवडतं, त्यात ओरखडे आणि डागही वाचता येतात.

मुठीबद्दल फार सांगायला नको. लाकडाच्या शिरा बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात उठतात आणि खिडकी डावीकडे असल्याने तो उजेड तुम्हाला मिळालेलाच आहे. मुठीवर वॉर्निश असेल आणि त्यावर पांढरा पट्टा येत असेल, तर लेन्सपुढे धरायच्या पोलरायझर फिल्टरने तो बराच कमी होतो. पण कोणी पात्याच्या चकाकीसाठी तो घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. वॉर्निश, काच, पाणी यांवरची चकाकी तो कापतो. उघड्या धातूवरच्या चकाकीला तो जवळजवळ काहीच करत नाही.

फोनच्या दोन सवयी मात्र मोडायला हव्यात. पहिली, जवळ जाण्याची. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य पकडणारी असते. चाकूच्या अगदी जवळ गेलात तर जवळचं टोक फुगतं, लांबची मूठ आक्रसते, आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. हातभर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. चाकूचा आकार खरा येतो. काही फोन फार जवळ गेलं की आपोआप आणखी रुंद लेन्सवर उडी मारतात. चित्र एकदम हललं किंवा कडा वाकल्या, तर तेच झालंय असं समजा आणि मागे या. दुसरी सवय उजेड स्वतः ठरवण्याची. कुठलाही कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या उजळपणाचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या चादरीवर चाकू ठेवलात तर तो सगळं मळकट करतो, काळ्या कापडावर ठेवलात तर सगळं उजळवतो आणि पातं जाळून टाकतो. म्हणून खाली मधल्या छटेचं, न चमकणारं काहीतरी घ्या. करडा दगड, जुनी फळी, जाडंभरडं कापड. मुठीचं लाकूड गडद असेल तर फळी फिकट हवी, नाहीतर मूठ तिच्यात हरवते. मग फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या पात्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, आणि बोट खाली ओढून फोटो थोडा गडद करा. गडद भाग नंतर उजळता येतो. जळून पांढऱ्या झालेल्या पात्यात काहीच उरलेलं नसतं.

फोकस पात्यावरच्या कोरीव अक्षरांवर किंवा नख अडकवायच्या खाचेवर धरा, नुसत्या गुळगुळीत भागावर नाही. तिथे फोन पात्यावर फोकस करायच्या ऐवजी पात्यातल्या प्रतिबिंबावर करतो. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. खिडकीच्या मंद उजेडात फोन बराच वेळ उजेड गोळा करत राहतो आणि बटणावरच्या बोटाचा धक्काही फोटोत येतो. हो, लेन्स पुसलीत ना? खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतोच. चकाकत्या वस्तूभोवती जे धुकं येतं ते पुष्कळदा त्याचंच असतं.

आता ती कोरलेली खूण. ती नक्की वाचा, कारण चाकूचं वय आणि पोलाद तिच्यातून कळू शकतं. स्विस चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सेनर यांनी १९०९ मध्ये आपल्या आईच्या निधनानंतर तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं आणि न गंजणारं पोलाद आल्यावर १९२१ मध्ये त्याला 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स केलं. नुसतं जुनं नाव आणि हे जोडनाव यांत तेवढा काळ मावतो. फ्रान्समधल्या ओपिनेलच्या पात्यावर मुकुट घातलेला हात असतो आणि पोलाद कोणतं तेही लिहिलेलं असतं, 'इनॉक्स' किंवा 'कार्बोन'. तुमच्या चाकूवर काय आहे ते दोन तऱ्हांनी काढून बघा. एक, पुठ्ठा असा ठेवा की पात्याचा तेवढा भाग पूर्ण उजळेल. कोरलेल्या खाचा वेगळ्या दिशेला बघत असल्याने उजळ पात्यावर त्या काळ्या दिसतात. दोन, याच्या बरोबर उलट. खोलीत अंधार करा, पुठ्ठ्याच्या जागी काळा कागद ठेवा आणि टॉर्च टेबलाच्या जवळजवळ पातळीवर आणून पात्यावरून सपाट उजेड सोडा. पातं काळं राहील आणि खाचांच्या कडा पेटतील. टॉर्च चाकूभोवती गोल फिरवत पाच-सहा फोटो काढा. एका दिशेने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या दिशेने दिसतं. घासून बरीच गेलेली खूण मला बहुतेक वेळा या दुसऱ्या पद्धतीनेच वाचता आली आहे.

पुसायचं कसं, हे मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगतेय, म्हणजे विसरणार नाही. चांगल्या उजेडात आलेला फोटो धूळ आणि बोटांचे ठसे तितक्याच प्रामाणिकपणे दाखवतो. सांध्यातला कापसासारखा कचरा मऊ ब्रशने काढा. पातं चष्मा पुसायच्या कापडाने पुसा, पाठीकडून धारेकडे, कापड नेहमी धारेच्या बाहेर जाईल असं, धारेवर दाबून कधीच नाही. त्यानंतर पात्याला बोट लावू नका. पण पॉलिश करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. साध्या कार्बन पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापराने करडी-निळसर झाक चढते. ती घाण नसते, गंजही नसतो, आणि लाल गंजापासून ती पोलादाला काही प्रमाणात वाचवते. अनेक वर्षांपूर्वी एक जुना चाकू फोटोत उजळ दिसावा म्हणून मी धातूच्या पॉलिशने घासला होता. तासाभरात तो नवा दिसायला लागला. झाक गेली, खुणेची अर्धी अक्षरं गेली, आणि तो ज्यांनी वापरला होता त्यांच्या हाताचं त्यावर काहीच उरलं नाही. त्याचा आज अजूनही त्रास होतो. लाल गंजाचा एखादा ठिपका असेल तर तेलाचा थेंब घालून मऊ कापडाने हळूच पुसा, बाकी आहे तसं राहू द्या.

तुमच्या चाकूचा मी काढला असता असा एक फोटो सांगते. दोन्ही पाती उघडी, शेजारी शेजारी. मोठं पातं दगडावर घासून घासून झिजलं असणार, बहुधा मधे अरुंद आणि टोकाकडे निमुळतं. लहान पातं कमी वापरलं असेल तर त्याचा आकार अजून मूळचा असेल. दोन्ही एका चौकटीत आली की ती झीज कोणालाही सांगावी लागत नाही. दोन्ही पात्यांचे कोन थोडे वेगळे असतात, तेव्हा एकच पुठ्ठा दोघांना पुरणार नाही. दुसरा लहान कागद लागेल. हे जमायला तास गेला तरी जाऊ द्या. मग एक फोटो मिटलेल्या चाकूचा, एक अर्ध्या उघड्या पात्याचा. पण घडीचा चाकू अर्धा उघडा ठेवताना सांभाळा. पात्याला कुलूप नसेल तर स्प्रिंगच्या जोराने ते एकदम मिटतं. जागा बदलायची असेल तेव्हा चाकू मुठीला धरूनच उचला, आणि टेबलाशेजारी मुलगी उभी असेल तर दोन फोटोंच्या मधे पातं मिटवून ठेवा.

फोटो सुधारताना हात आखडता ठेवा. चौकट सरळ करा, रंग करड्या दगडावरून जुळवा, राहिलेली धूळ पुसा. फोनमधलं 'धारदार करा' पूर्ण ओढलंत तर पात्याच्या कडेला पांढरी किनार येते आणि लाकूड वाळूसारखं दिसतं.

आणि एका फोटोत वडिलांचा हातही घ्या. त्यांना थरथरत्या हाताने चाकू उघडायला लावू नका, मिटलेला चाकू तळहातावर राहू द्या. इथे खिडकीचा उजेड कमी पडेल, हात हलला की फोटो पुसट येईल. ढगाळ दिवशी त्यांना बाहेर सावलीत बसवा. उजेड भरपूर असला की फोन सेकंदाच्या अडीचशेव्या भागात किंवा त्याहून लवकर फोटो टिपतो आणि थरथर पकडली जात नाही. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं असू द्या. तुम्ही थोडे लांब, दुप्पट झूमवर, फोकस मुठीवरच्या त्या झिजलेल्या जागेवर, जिथे त्यांचा अंगठा बसायचा. एकच काढून थांबू नका, वीस काढा. आणि काढताना त्यांना विचारत राहा, चाकू कुठून आला, धार कशावर काढायचे.